पाचवी सही

माली लोशिन्य, ९ ऑक्टोबर २००६

बेपो,

फोनच करणार होते. पण फोनवर तू माझं बोलणं पुरं होऊ देत नाहीस, मग मी रडते, आणि मी रडायला लागले की तू हवापाण्याच्या गोष्टी काढतोस. म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

‘मीठ आणि वीज’ पुन्हा निघते आहे. हो, तीच, गाश्परच्या बँडची. चोवीस वर्षं कुणी विचारलं नाही, आणि आता पंचविसावं लागलं म्हणून कंपनीला उमाळा आला आहे. तबकडी काढणार, सीडी काढणार, सोबत फोटोंची एक पुस्तिका. रिएकाची इस्क्रा म्हणून एक पत्रकार बाई आहे, ती पुस्तिका लिहिते आहे. या सगळ्याला बँडमधल्या चौघांच्याही सह्या लागतात. गायकाने केली. तो आता पुला शहराच्या नगरपालिकेत पाण्याच्या तक्रारी घेतो. ड्रमवाल्याने त्रिएस्तेहून पाठवली. बासवाल्याने न वाचताच केली. अडून बसला आहे तो माझा नवरा.

त्याची अट एकच. १९८२ साली, कलामूल्य नसलेल्या रेकॉर्डवर जादा कर बसवणाऱ्या त्या कचरा-कराच्या समितीने त्या रेकॉर्डवर ‘कचरा’ असा शिक्का मारला होता ना, तो निकालाचा कागद पुस्तिकेत जसाच्या तसा छापायचा. खाली पाच सह्यांसकट. तो म्हणतो, कोणी मारलं ते लोकांना कळू दे. वकिलाचं म्हणणं, जिवंत माणसाची सही छापायची तर त्याची लेखी परवानगी हवी. पाचातले चौघे वर गेले. राहिलास तू, माझा सख्खा भाऊ.

तू परवानगी द्यावीस म्हणून लिहिते आहे. त्या कागदाने तुझं काय वाईट होणार आता? निवृत्त झालास, मान मिळवलास. गाश्परची मात्र गोष्ट वेगळी आहे. त्याच्या दोन्ही हातांचे सांधे सुजतात. चोवीस वर्षं बोटींची इंजिनं उघडली, ओल्यात, थंडीत. डॉक्टर म्हणाले, अजून वर्षभर, फार तर दोन वर्षं बोटं वळतील, मग नाही. त्याच्या बापाने नावेच्या उरलेल्या तुतीच्या लाकडातून केलेली ती गिटार शेडमध्ये जाळ्यांच्या मागे लटकते आहे, एकही तार नसलेली. तो म्हणतो, कागद छापला की त्या दिवशी खाली काढीन. मला ती एकदा ऐकायची आहे, बेपो. बोटं वळताहेत तोवर. बाकी मला त्या रेकॉर्डचं काही नको.

निवेस

*

झाग्रेब, १६ ऑक्टोबर २००६

निवेस,

तुझं पत्र आलं. दर वर्षीचं ऑलिव्हचं तेल आलं नाही. दोन्हीची पोच देतो.

परवानगी मिळणार नाही. खरं तर एवढं लिहून मी थांबायला हवं, पण तू त्या वस्तूचं नाव असं घेतेस जसं काही आपल्या चर्चमधून चोरीला गेलेली मूर्ती परत मिळाली. म्हणून थोडं सांगतो.

चार जण सार्डिनच्या कारखान्यात कामाला. आठवडाभर मासे डब्यात भरायचे आणि रविवारी त्याच शेडमध्ये गिटारी घेऊन बसायचं. त्यांना वाटलं हे संगीत आहे. पहिल्या बाजूची पाच गाणी म्हणजे एकच गाणं पाच वेळा, दर वेळी थोडं जास्त घाईत. गायकाला वरचा स्वर लागत नाही, म्हणून तो तिथे ओरडतो, आणि अख्खा देश त्या ओरडण्यावर फिदा. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं घे. गिटार एकटी सुरू होते, आणि ढोलवाला दोन ठोके उशिरा येतो, जणू बाहेर सिगारेट विझवत होता. कोणाला लाज वाटली का? पुन्हा रेकॉर्ड करावं असं वाटलं का? नाही. तसंच छापलं.

आणि हे मरत का नाही ते मला समजावून सांग. कालच बाराव्या नंबरच्या ट्रामने येत होतो. समोर पन्नाशीचा एक टकला, पोट सुटलेला, पिशवीत कोबी. गुणगुणत होता. काय गुणगुणत असेल? दाढीवाल्या पोरांच्या दुकानात तेच, केस कापायला जावं तर तेच, आणि निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी माझ्या विद्यार्थ्याने परीक्षेत प्रतिस्वराचा अभ्यास म्हणून त्याच गाण्याची गिटार चार आवाजांत मांडून आणली. मी त्याला नापास केलं. माझी स्वतःची तंतुवाद्यांची चौकडी एकदाच वाजली, एकोणीस माणसांसमोर, त्यातली चार आपली नातेवाईक, त्यातली एक तू, आणि तूही खोकत होतीस. चांगल्या गोष्टींचं हे असं होतं. आणि माशांच्या डब्यातली गोष्ट पंचवीस वर्षं ताजी.

माझं नाव त्या चोपडीत नको. तुझ्या नवऱ्याला सांग, बोटं सुजली असतील तर गरम पाण्यात मीठ घालून हात बुडवावे. मीठ त्याच्याकडे आहेच.

बेपो

*

माली लोशिन्य, २४ ऑक्टोबर २००६

बेपो,

वाचलं. एकदा स्वतःशी वाचलं आणि एकदा बाल्कनीत जाऊन, कारण घरात मावत नव्हतं. एवढा तोरा कुठून आणतोस रे? आपले बाबा बंदरावर मिठाची पोती उचलायचे.

तुला विसर पडला असेल तर आठवण करून देते. फेब्रुवारी होता. कंपनीने निकालाची प्रत पाठवली होती, गाश्पर ती घेऊन स्वयंपाकघरात आला. आई तेव्हा होती, चुलीपाशी भाजी निवडत होती. त्याने मोठ्यानं वाचलं. ‘कलामूल्य नाही. श्रोत्यांची अभिरुची बिघडवणारे. कर लागू.’ मग सह्या वाचायला लागला. पहिली कुणा गायनमंडळाच्या संचालकाची, दुसरी एका कवयित्रीची, मग एक निवृत्त कर्नल, मग कुठला तरी सचिव. पाचव्या नावाशी तो थांबला. मी म्हटलं, वाच पुढे. त्याने कागद माझ्यापुढे ठेवला.

“तूच वाच,” म्हणाला. “अक्षर तुमच्या घरातलं आहे.”

आईच्या हातातली सुरी खाली पडली, मला आवाज आठवतो. गाश्पर शेडमध्ये गेला, पक्कड घेतली आणि गिटारीच्या सहाही तारा कापल्या. करामुळे रेकॉर्ड दुकानात महाग झाली, रेडिओने हात आखडता घेतला, उन्हाळ्यापर्यंत बँड मोडला होता, आणि तो मालवाहू जहाजाच्या इंजिनात. त्याआधी, त्याच ईस्टरला तू आलास, काखेत एक पुडकं घेऊन. दारात गाश्परने तुला काहीतरी सुनावलं, आणि तू त्याच बोटीने मागे फिरलास. चहासुद्धा घेतला नाहीस. आई संध्याकाळपर्यंत खिडकीत उभी होती. चोवीस वर्षांत तू या घरात आईच्या अंत्यविधीलाच आलास, आणि तेव्हाही गाश्पर मागच्या दाराने निघून गेला.

एक गोष्ट मात्र सांग. ढोलवाला दोन ठोके उशिरा येतो, हे तुला कसं ठाऊक? मी त्या माणसाची बायको आहे, आणि मला ते तुझ्या पत्रातून कळलं. जाऊन रेकॉर्ड लावली. खरंच उशिरा येतो.

या वर्षी तेल येणार नाही. आणि ऐक, आमच्याकडची निकालाची प्रत फार पुसट झाली आहे, म्हणून इस्क्रा झाग्रेबच्या जुन्या दप्तरखान्यात जाऊन समितीची मूळ फाइल काढणार आहे. वीस वर्षांनी ती बघायला मिळते म्हणे. तेव्हा तुझ्या परवानगीचं काय करायचं ते लवकर ठरव.

निवेस

*

झाग्रेब, ३० ऑक्टोबर २००६

निवेस,

त्या बाईला दप्तरखान्यात पाठवू नकोस.

परवानगी देतो. सोबत जोडली आहे, सही केलेली, तारखेसह. निकालाचं पान छापा, माझी सही मोठी करून छापा, हवं तर खाली लिहा की हाच तो. पण पान एकच. फाइलमधलं दुसरं काहीही बाहेर काढायचं नाही, अशी माझी अट आहे आणि ती परवानगीतच लिहिली आहे. जुन्या फाइलींमध्ये धूळ असते, फालतू कागद असतात, कुणाच्या कॉफीचे हिशेब असतात. पत्रकार बायकांना असल्या उकिरड्यात नाक खुपसायला फार आवडतं, आणि मग त्या हातात काहीही घेऊन निघतात.

पुसट प्रतीचं मी बघतो. माझ्याकडे एक स्वच्छ प्रत आहे, ती पाठवतो.

ढोलवाल्याचं म्हणशील तर समितीत असताना ऐकावं लागलं होतं. नोकरीचा भाग. माणूस एकदा विषारी काही खातो आणि जन्मभर चव विसरत नाही.

तेलाचा निर्णय तुझा. माझी दुकानातल्या तेलाची तयारी आहे.

बेपो

*

माली लोशिन्य, २० नोव्हेंबर २००६

बेपो,

तुझी परवानगी मी गाश्परला दाखवली. वाटलं, उठेल, शेडकडे जाईल. त्याने ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, हा माणूस चोवीस वर्षांत कधी आपणहून कशाला हो म्हणाला आहे का? मी म्हटलं नाही. तो म्हणाला, मग याचा अर्थ फाइलमध्ये याहून वाईट काहीतरी आहे.

आणि बेपो, मलाही तेच वाटतं. जो माणूस सही छापू द्यायला तयार नव्हता, तो दोन आठवड्यांत म्हणतो मोठी करून छापा, फक्त फाइल उघडू नका. काय लिहिलं आहेस त्यात? गाश्परबद्दल काही? त्या काळी लोक काय काय लिहायचे आणि कुणाकुणाकडे पाठवायचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी रात्रंदिवस तेच चघळते आहे. कचरा म्हणालास ते मी गिळलं होतं. भाऊ शिष्ट आहे, कान वेगळे आहेत, असं म्हणून मी आईला समजवायची. पण माझ्या नवऱ्यावर कुठल्या कचेरीत चुगली केली असलीस, तर मला भाऊ नाही.

गाश्पर आता म्हणतो, आधी फाइल, मग सही. इस्क्रा पाच डिसेंबरला दप्तरखान्यात जाते आहे. त्याआधी तूच सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तर निदान ते तुझ्या तोंडून ऐकलं असेल.

ऑलिव्ह काढून झाली. तेल पिंपात आहे. गाश्परला बरणीचं झाकणसुद्धा उघडता येत नाही, मी उघडते.

निवेस

*

झाग्रेब, २ डिसेंबर २००६

निवेस,

चुगली. वा. चाळीस वर्षं मी मुलांना ताल शिकवला, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला वाटतं की मी चुगल्या करायचो. चुगली करायला माणसाला शेजाऱ्यांमध्ये रस लागतो. मला तो कधीच नव्हता.

समिती म्हणजे काय होती ते सांगतो, मग तुला कळेल की तिला भ्यायचं काही कारण नव्हतं. महिन्यातून एक गुरुवार. लांबट खोली, खिडकी उघडत नसे. मधोमध एक ग्रामोफोन, दोन स्पीकर, त्यातला एकच चालायचा. एका दुपारी चौदा-पंधरा तबकड्या. प्रत्येकीचं पहिलं गाणं अर्धं ऐकायचं, मग कर्नल विचारायचा, “कचरा?” आणि हात वर. कवयित्रीला गिटारीचा आवाज आला की डोकं दुखायचं, म्हणून गिटारवालं सगळंच कचरा. संचालकाला अकॉर्डियनची ॲलर्जी. सचिव हात मोजायचा. नियम असा होता की निकाल बहुमताचा, पण सह्या पाचांच्या. मत काहीही असो, निकालाच्या कागदावर प्रत्येकाने सही करायची, समिती एका तोंडाने बोलते म्हणून. कोणाचं वेगळं मत असलं तर ते लिहून फाइलमध्ये ठेवायचं. ते कुणी वाचत नसे. मी तीन वर्षं होतो. ज्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नाही अशी माणसं मी तिथे पाहिली तितकी इतरत्र कुठे पाहिली नाहीत, आणि मी संगीत अकादमीत नोकरी केली आहे.

त्या दिवशी तुमची पाळी शेवटची होती. कर्नल झोपला होता. सचिवाने सुई ठेवली. मी पहिलं गाणं अर्धं ऐकलं, तसं सगळ्यांनीच ऐकलं, आणि हात वर झाले. मग मी म्हटलं की

हे लिहून काही उपयोग नाही. पाच तारखेला ती बाई जाणारच आहे. तिला सांग, फाइलीच्या तळाशी आहे, हिरवी दोरी बांधलेली.

एक मात्र लिहून ठेवतो. चोवीस वर्षांत मला सगळ्यांनी सगळं सुनावलं. तू, तुझा नवरा, आईसुद्धा, मरताना, फोनवर. पण तू हात वर केलास की नाही, हे मला एकाही माणसाने विचारलं नाही.

बेपो

*

माली लोशिन्य, १९ डिसेंबर २००६

बेपो,

तुझं दोन तारखेचं पत्र काल हातात पडलं. उत्तरेचा बुरा वारा सुटला होता, सहा दिवस बोट नव्हती, आणि त्याआधी ते रिएकात पडून होतं. इस्क्राच्या पाकिटासोबतच एका पिशवीतून आलं. मी आधी तिचं फोडलं.

निकालाच्या मागे अकरा पानं. हिरव्या दोरीची खूण फोटोप्रतीतही दिसते. मतं, चार विरुद्ध एक. पानांवर तुझं ते बारीक कडक अक्षर, मध्ये मध्ये पाच रेघा ओढून काढलेले स्वर. दहाच्या दहा गाणी, एकेक करून. मी बकालार, सुका मासा, भिजत घातला होता, हात खारट, आणि तशीच टेबलाशी बसले. गाश्पर समोर होता. मी म्हटलं, वाचू? तो म्हणाला, वाच, बघू तरी किती खाली गेलाय.

मी वाचलं. ‘या चौघांना संगीत कुणी शिकवलेलं नाही, आणि त्यांनी ते शिकावं अशी शिफारस मी करणार नाही. शिकले तर हे जाईल.’ मी थांबले. गाश्पर म्हणाला, पुढे. ‘गायकाला वरचा स्वर लागत नाही. तो लागत नाही हे त्याला ठाऊक आहे, आणि तरी तो दर वेळी तिथे जातो. मी शिकवलेल्या एकाही विद्यार्थ्याने असं धाडस केलेलं नाही.’ मग ते गाणं आलं, दुसऱ्या बाजूचं तिसरं. ‘गिटारवाल्याला मी जवळून ओळखतो. माणूस उद्धट आहे. माझ्या बहिणीच्या लायकीचा नाही. पण नवव्या ठोक्याला तो जो स्वर घेतो, मुद्दाम की चुकून याने फरक पडत नाही, तो मला चाळीस वर्षांच्या आयुष्यात सुचलेला नाही, आणि तो ऐकल्यापासून मी माझ्या चौकडीचं काम थांबवलं आहे.’ आणि शेवटी: ‘समितीने या रेकॉर्डला कचरा ठरवलं, तर कचरा म्हणजे काय ते समितीला कळत नाही, असं माझं मत नोंदवून घ्यावं. नियमाप्रमाणे सही करतो.’

मूर्खा. बिनडोक माणसा. चोवीस वर्षं. एक वाक्य बोलला असतास तर पुरलं असतं. आई तुला शिव्या देत गेली रे. मी दर वर्षी तुला तेल पाठवायचे ते गाश्परपासून चोरून, आणि वाटायचं की मी नवऱ्याशी बेईमानी करते आहे. आणि तू ते खात होतास आणि गप्प होतास. का? त्याची बोटं चांगली होती तेव्हा का नाही? मला हे समजत नाही, आणि मी तुला माफ केलेलं नाही, अजून तरी नाही.

गाश्परने अकरा पानं उचलली आणि शेडमध्ये गेला. दुपारी जेवायला आला, ताट संपवलं आणि पुन्हा गेला. आज दुसरा दिवस आहे. मी आत जात नाही. माझी हिंमत नाही.

निवेस

*

झाग्रेब, २७ डिसेंबर २००६

निवेस,

‘का’ विचारलंस म्हणून.

ईस्टरला काखेत जे पुडकं होतं, त्यात तीच अकरा पानं होती. कार्बनची प्रत. मी ती टेबलावर ठेवणार होतो. तुझ्या नवऱ्याने दार उघडलं आणि म्हणाला, “आलात का प्रोफेसर, कचरा उचलायला?” आणि मला वाटलं, बरं. तुला असंच वाटत असेल तर वाटू दे. मी याच्यासमोर पानं धरून उभा राहून सांगू, की बाबा रे, मी तुझ्या बाजूने होतो? याच्यासमोर? म्हणून वळलो. बोटीत बसेपर्यंत राग होता. नंतर राग गेला, पण तोवर वर्ष झालं होतं, आणि वर्षानंतर असली गोष्ट सांगायची म्हणजे माफी मागितल्यासारखं होतं.

शिवाय इथे अकादमीत काय तोंड दाखवलं असतं? बायबलासारखे जाडजूड ग्रंथ लिहिणारे सहकारी, आणि मी सार्डिनवाल्यांवर अकरा पानं. हसले असते. मला माझ्यावर हसलेलं चालत नाही, हे तू लहानपणापासून जाणतेस. म्हणून मी त्यांच्याही वर आवाज चढवून त्या रेकॉर्डला शिव्या दिल्या. इतक्या दिल्या की मला त्यात गोडी वाटायला लागली. त्या विद्यार्थ्याला नापास केलं ते मांडणी वाईट होती म्हणून नाही. चांगली होती. नववा ठोका त्याने दुरुस्त केला होता म्हणून केलं.

रेकॉर्डच्या तीन प्रती झिजवल्या मी. तिन्ही तो कर भरून घेतल्या. चौथी मिळेना.

त्याला काही सांगू नकोस. बोटं गेली असतील, तर त्यात माझा हात आहे, हे मला कळतं. त्यावर मला काही म्हणायचं नाही, कारण म्हणण्यासारखं काही नाही.

बेपो

*

माली लोशिन्य, ८ जानेवारी २००७

आदरणीय प्रोफेसर साहेब,

बायको म्हणते पत्र लिही. मला लिहायची सवय नाही, आणि आपल्यासारख्या विद्वानांना तर नाहीच. पण एक गोष्ट राहवत नाही.

आपली अकरा पानं वाचली. मी उद्धट आहे असं लिहिलंत, ते बरोबर. निवेसच्या लायकीचा नाही, तेही बरोबर, तिला विचारलं तर तीही हो म्हणेल. गायक ओरडतो, ढोलवाला उशिरा येतो, सगळं मान्य. त्या दिवशी तो खरंच बाहेर होता. पण पान सात, नववा ठोका. आपण तिथे उतरता सी स्वर लिहिला आहे. मी उतरता सी वाजवलेला नाही. मी सी वाजवला, सरळ, पूर्ण. अकादमीत चाळीस वर्षं पगार घेतलात आणि एक स्वर धड ऐकता येत नाही? याच कानांनी लोकांना पास-नापास करत होतात?

आता आपण म्हणाल, कशावरून. म्हणून खात्री करून घ्यावी लागली. रेकॉर्डवर भरवसा नाही, सुई जुनी आहे. गिटारीवरच बघायला हवं होतं. तिला तारा नव्हत्या, त्या रिएकाहून मागवल्या, नाताळात दुकानं बंद, त्यात आठ दिवस गेले. चढवल्या. डाव्या हाताची तीन बोटं चालतात, चौथं रडतं. पहिल्या दिवशी काही जमलं नाही. तिसऱ्या दिवशी नवव्या ठोक्यापर्यंत पोचलो. सी आहे. पन्नास वेळा वाजवून पाहिलं. निवेस शेडच्या दाराशी बसून होती, तिला वाटलं मला दिसत नाही. तिला विचारा.

कंपनीच्या कागदावर सही केली. तो निकाल छापायचा नाही म्हणून सांगितलं, त्या चौघांना कशाला मेल्यावर प्रसिद्धी. त्याऐवजी आपली अकरा पानं छापा म्हटलं, सातव्या पानाची चूक दुरुस्त करून. परवानगी द्या.

त्या ईस्टरला दारात मी जे बोललो ते बोललो. पण तू पण काय बेपो, एवढ्या वाक्यावर कुणी परत जातं का? ढकलून आत यायचं. घर तुझ्या आईचं होतं.

गाश्पर

*

झाग्रेब, १२ जानेवारी २००७

गाश्पर,

सातव्या पानाला हात लावलास तर परवानगी नाही.

तू सी वाजवला असशील. तबकडीवर उतरता सी आहे. तुझ्या बापाने बसवलेल्या लाकडी खुंट्या घसरायच्या, दुसरी तार आठव्या ठोक्याला सैल झाली आणि तुला पत्ता लागला नाही. ज्यासाठी लोक पंचवीस वर्षं कोबी घेऊन ट्राममध्ये गुणगुणतात, ती तुझी करामत नाही, ती एका सुताराची खुंटी आहे. हे मान्य करायचं धाडस तुझ्यात नसेल, हे मला ठाऊकच होतं.

आणि तू मला ऐकायला शिकवू नकोस. ते गाणं तू एक हिवाळा वाजवलंस. मी पंचवीस वर्षं ऐकतो आहे.

समोरासमोर दाखवतो. शनिवारच्या बोटीने येतो, चार वाजता. दार उघडं ठेव, ढकलायचं माझं वय राहिलेलं नाही. आणि धक्क्यावर घ्यायला येऊ नकोस. तिथे वारा असतो. घरात बस, बोटं गरम ठेव.

बेपो